हाताची नस दबली आणि झोपही उडाली: मनाची काळजी कुठून सुरू करायची

नस दबलेला हात बाहेरून धडधाकट दिसतो. सूज नाही, प्लास्टर नाही, एक्स-रेमध्येही बहुतेक वेळा सांगण्यासारखं काही नाही. त्यामुळे लोकलमध्ये कोणी सरकून जागा देत नाही, ऑफिसात कोणी चौकशी करत नाही आणि घरी "दिसतोय तर चांगला" हे वाक्य ठरलेलं. इकडे त्या माणसाला ब्लाउजचा हूक लावता येत नसतो, सुट्टे पैसे हातातून निसटत असतात आणि रात्रीची झोप सलग मिळून महिने उलटलेले असतात.

मी मुंबईत ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे दुखण्यातही रोजची कामं जमावीत यासाठी मदत करणारी, आणि हाताच्या पेशंटांबरोबर काम करते. मनगटाचं माप घेता घेता "रात्री झोप लागते का?" एवढं विचारलं तरी अनेकांचे डोळे भरून येतात, कारण तोवर कोणी ते विचारलेलंच नसतं. हात बरा झाला की मन आपोआप ताळ्यावर येईल, असं धरून चालण्यात फार वेळ वाया जातो. उदासी आणि चिंता असली की तीच नस जास्त दुखते, त्याच हाताने कमी काम होतं, आणि काम अडलं की उदासी वाढते. म्हणून दोन्हीकडून एकदम सुरुवात करायची. खालच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने पेशंटांना सांगते, त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पायरी १: कागदावर हात काढा

कोऱ्या कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीने कड आखा, पुढून एक आणि मागून एक. जिथे मुंग्या येतात तिथे ठिपके, जिथे बधिर आहे तिथे रेघोट्या, जिथे दुखतं तिथे फुली. शेजारी लिहा: कधी होतं, काय करताना होतं, कशाने कमी होतं.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू, रात्री जास्त, हात झटकला की बरं वाटतं, असं असेल तर बहुधा मनगटातली मीडियन नस दबली आहे. यालाच कार्पल टनल सिंड्रोम म्हणतात. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू, कोपर दुमडून फोनवर बोलताना वाढतं, तर कोपरापाशी अल्नर नस. मानेपासून कळ निघून खांद्यावरून दंडात आणि बोटांपर्यंत उतरते, मान वळवली की वाढते, तर मानेच्या मणक्यांमधून निघणारी नस. नक्की निदान डॉक्टर करतील, गरज पडली तर नर्व्ह कंडक्शनची तपासणी होईल. तिच्यात नसेला विजेचे बारीक झटके देऊन ती संदेश किती वेगाने नेते ते मोजतात. या तपासणीची धास्ती घेऊन महिनोन्‌महिने टाळणारे लोक मी पाहिलेत. झटके चुणचुणतात, सहन होतात. सुरुवातीच्या टप्प्यात ती नॉर्मलही येऊ शकते, आणि नॉर्मल आली म्हणजे तुमचा त्रास मनाचा खेळ आहे असा तिचा अर्थ होत नाही.

हा नकाशा मनासाठीही उपयोगी आहे, कारण घाबरल्यावरही हाताला मुंग्या येतात. धास्तीने श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि दोन्ही हातांना, ओठांभोवती मुंग्या येऊ लागतात. छातीत धडधड, घशाला कोरड, आणि काही मिनिटांत उतार. दबलेल्या नसेच्या मुंग्या ठरावीक बोटांत येतात आणि हाताच्या ठेवणीवर अवलंबून असतात. कित्येकांना दोन्ही असतं: आधी नसेच्या मुंग्या, त्यांची धास्ती, आणि त्या धास्तीच्या आणखी मुंग्या. अशा वेळी श्वास आत घ्यायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ घेऊन, ओठांचा चंबू करून सावकाश सोडा. पाच मिनिटांत ओठांभोवतीच्या मुंग्या गेल्या आणि बोटांतल्या राहिल्या, तर कुठल्या कशाच्या होत्या ते तुम्हालाच कळेल.

काही गोष्टींना मात्र थांबायचं नाही. डाव्या हातात कळ आणि त्याबरोबर छातीवर दाब, घाम. किंवा एकाएकी हात लुळा, तोंड वाकडं, बोलणं अडखळलेलं: सरळ १०८ ला फोन. दोन्ही हात बधिर होऊन चालताना तोल जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट होऊ लागला असेल, तर "बघू दिवाळीनंतर" म्हणू नका. गेलेला स्नायू पुरता परत येईलच असं नसतं.

पायरी २: मनाचं औषध शोधण्याआधी रक्त तपासा

थायरॉइड कमी पडला तर मनगटात नस दबू शकते आणि मनही मंदावतं, उदास होतं. बी-१२ कमी असेल तर हातपायांना मुंग्या येतात, चिडचिड आणि विसराळूपणा वाढतो. शाकाहारी घरांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही कमतरता बऱ्याचदा सापडते. साखर वाढलेली असेल तर नसा आधीच नाजूक झालेल्या असतात. म्हणून टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२ आणि एचबीए१सी (साखरेसाठी) या तीन तपासण्यांबद्दल डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा. पालिकेच्या हॉस्पिटलात या स्वस्तात होतात. केमिस्टकडून मनानेच बी-१२ चं इंजेक्शन मात्र आधी घेऊ नका, तपासणीचा आकडा फसवा येतो.

पायरी ३: रात्र आधी सुधारा

सगळ्यात जास्त लक्ष मी इथे देते. झोपेत आपण मनगट आत दुमडतो, पंजा उशीखाली घालतो, कोपर छातीशी ओढतो. नस आणखी दबते आणि दोन वाजता जाग येते. तीन-चार आठवडे असं झालं की कोणाचंही मन हळवं होतं. मुलांवर उगाच ओरडणं, टीव्ही बघता बघता डोळे भरून येणं, सकाळी उठावंसंच न वाटणं, याला लोक स्वतःचा कमकुवतपणा समजतात. बरंचसं ते झोपेचं कर्ज असतं.

मनगटाचा त्रास असेल तर रात्री पट्टा बांधायचा, आणि तो मनगट सरळ ठेवणारा हवा. दुकानात मिळणारे काही पट्टे मनगट मागे वाकवतात. आतली धातूची पट्टी काढून सरळ करता येते, ती करून घ्या. इतका सैल की खाली एक बोट सरकेल. करकचून बांधलेला पट्टा नसेला आणखी दाबतो. निदान सहा आठवडे रोज रात्री वापरल्याशिवाय "काही फरक नाही" असं ठरवू नका. कोपराचा त्रास असेल तर जुना पंचा कोपराभोवती सैलसर गुंडाळून वर चिकटपट्टी लावा, म्हणजे हात पुरता दुमडत नाही.

मुंबईची घरं लहान, एका खोलीत चार-पाच जण ओळीने झोपतात. दुखऱ्या हाताची बाजू मोकळी राहील अशी कडेची जागा मागून घ्या आणि त्या हाताखाली उशी किंवा घडी केलेली चादर ठेवा. कोणाचा पाय त्या हातावर पडेल या भीतीनेही झोप लागत नाही, हे घरच्यांना आपण सांगितल्याशिवाय सुचत नाही.

तरीही जाग आली तर उठून बसा. हात खाली सोडून हलकेच झटका, मुठी पाच-सहा वेळा उघडा-मिटा. मोबाइल उचलू नका: मनगट पुन्हा दुमडतं, उजेडाने झोप पळते, आणि रात्री दोनला नेटवर या आजाराबद्दल वाचून आजवर कोणाला शांत झोप लागलेली नाही. उशाशी वही ठेवा, डोक्यात जे घोळतंय ते एका ओळीत लिहा आणि त्याचा विचार उद्या दुपारी चारला करायचा असं ठरवा. झोपेची गोळी शेजारणीकडून मागून घेऊ नका. आणि दारूने लवकर गुंगी येते, पण मधल्या रात्रीची जाग वाढते.

पायरी ४: दोन आठवड्यांचा हिशेब

आता मनाकडे. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी डॉक्टर वापरतात, ती मराठीतही आहे. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास अजिबात नव्हता तर ०, काही दिवस होता तर १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज १० किंवा जास्त झाली तर डॉक्टरांशी बोलायला हवं.

पण हात दुखणाऱ्या माणसाच्या बाबतीत यात एक गोची आहे. झोप, थकवा, एकाग्रता यांचे गुण नुसत्या दुखण्यानेही चढतात. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांकडे वेगळं बघा: कशातच रस वाटत नाही का, आणि मन खिन्न, निराश असतं का. या दोघांचे मिळून ३ किंवा जास्त गुण असतील, तर फक्त हाताकडे बोट दाखवून चालणार नाही. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे ० सोडून काहीही आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं.

त्याच वहीत आणखी एक पान करा. डावीकडे भीती, उजवीकडे डॉक्टरांकडून कळलेलं. "मला अर्धांगवायू होणार": तो मेंदूचा आजार आहे, मनगटात नस दबल्याने होत नाही. "हात कायमचा गेला": ज्या मुंग्या येतात आणि जातात, ती साधारण लवकरची पायरी, सतत बधिरपणा त्यापुढची, ताकद जाणं त्याहून पुढची. आपण कुठे आहोत ते विचारून घ्या. "ऑपरेशन करूनही फरक पडला नाही तर?": आतले तंतू मोडलेले असतील तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात, म्हणजे महिन्याला जेमतेम ३ सेंटीमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा, म्हणजे महिन्यांची भाषा का करतात ते समजेल. उजवी बाजू रिकामी राहिली तर तो पुढच्या भेटीचा प्रश्न झाला.

पायरी ५: घरी नेमकं काय सांगायचं

"माझा हात फार दुखतो" याला घरात उत्तर येतं, "आमच्या वेळी पाणी भरायचो, पाट्यावर वाटायचो." त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दुखणं मोजून सांगा आणि मदत नेमकी मागा. एका सुनेने सासूबाईंना जे सांगितलं ते मी आता सगळ्यांना सांगते: "आई, रात्री दोन-तीनदा उठते मी. अंगठा आणि शेजारची दोन बोटं सुन्न होतात, सकाळी चिमटीत पिनसुद्धा धरता येत नाही. सहा आठवडे कणीक मळायची नाही, कपडे पिळायचे नाहीत असं सांगितलंय. कणीक हे मळतील. लाटायला मला जमतंय का ते पुढच्या आठवड्यात बघू." नवऱ्याने पहिल्या दिवशी मळलेली कणीक चिक्कट झाली, पोळ्या कडक झाल्या, आणि घरात त्या मुकाट्याने खाल्ल्या गेल्या. पोळी-भाजी केंद्रातून महिनाभर पोळ्या आणल्या तरी संसाराला काही होत नाही. त्याचा अपराधी भाव बाळगून पुन्हा परात पुढ्यात ओढणाऱ्या बायकांची मला खरंच काळजी वाटते.

याची दुसरी बाजू घरच्यांसाठी. प्रेमापोटी सगळं काम काढून घेऊ नका. ज्या बाईने आयुष्यभर घर सांभाळलं तिला "तू बस गं, काही करू नकोस" म्हटलं की ती दोन आठवड्यांत स्वतःला अडगळ समजू लागते. हाताला जाचणारी कामं काढा: पिळणं, मळणं, खोवणं, भरलेली बादली, कुकरचं घट्ट झाकण. मनाला धरून ठेवणारी कामं ठेवा, लागलं तर रीत बदलून. गणपतीत मोदकाच्या कळ्या पाडता येत नसतील तर सारण तिचं, उकड दुसऱ्याची. रांगोळी चिमटीने जमत नसेल तर बाटलीच्या टोपणाला भोक पाडून. पुरुषांचंही तेच. स्कूटर बंद झाली, स्क्रू-ड्रायव्हर धरता येईना, की काहीजण घरात गप्प गप्प होतात आणि मग चिडायला लागतात. त्यांच्याकडे असं काम राहू द्या जे त्यांच्याशिवाय अडेल.

पायरी ६: काम आणि प्रवास

काम दुखेपर्यंत करायचं आणि मग दोन दिवस झोपून काढायचे, हे चक्र मन खचवतं. घड्याळ लावून काम करा: पंचवीस-तीस मिनिटं काम, तीन-चार मिनिटं हात मोकळा, दुखत असो वा नसो. शिलाई मशिनवर, झवेरी बाजारातल्या दागिन्यांच्या कामावर, कीबोर्डवर, सगळीकडे हेच. लोकलमध्ये एका हाताने वरची कडी आणि दुसऱ्या हातात दुमडलेल्या कोपराने मोबाइल, या अवस्थेत तासभर गेला की दोन्ही हात बोलायला लागतात. कानात इअरफोन घाला, फोन पिशवीत ठेवा, स्टेशनागणिक हात बदला. पर्स कोपराच्या खाचेत अडकवू नका, पाठीवरची सॅक बरी.

पैशाची चिंता हा मनाच्या दुखण्याचा मोठा भाग आहे, तेव्हा त्याबद्दलही. तुम्ही कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये असाल (महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार), तर नियम पूर्ण होत असल्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळू शकतो. त्यासाठी योजनेच्या दवाखान्याचं सर्टिफिकेट लागतं, म्हणून सुट्टी घेण्याआधी तिथे जा. साहेबांना चिठ्ठी द्यायची तर "आराम द्यावा" एवढ्यावर थांबू नका. काय करता येईल तेही डॉक्टरांकडून लिहून घ्या: वजन उचलणं नको, टायपिंग मधे थांबून थांबून, इतर काम चालेल. अशी चिठ्ठी असली की नोकरी जाण्याची भीती थोडी कमी होते.

रोज वीस-तीस मिनिटं, दोन्ही हात मोकळे सोडून चाला. शिवाजी पार्कचा कट्टा असो की बिल्डिंगची गच्ची. दुखण्यावर आणि उदासीवर, दोन्हींवर चालण्याचा गुण येतो.

पायरी ७: डॉक्टर आणि गोळ्या

हाडांच्या डॉक्टरांना मनाचं सांगा, मनाच्या डॉक्टरांना हाताचं. केईएम, सायन, नायर, कूपर आणि जे. जे. या हॉस्पिटलांत अस्थिरोग आणि मानसोपचार असे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. केईएम, सायन आणि नायरमध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षणही दिलं जातं, तिथे पट्टा आणि व्यायाम दोन्ही शिकवतात. केस पेपरसाठी सकाळी लवकर पोचा.

गोळ्यांबद्दल एक घोळ नेहमी होतो. अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन लिहून मिळतं, घरी नेटवर "डिप्रेशनची गोळी" असं दिसतं आणि माणूस चिडून ती फेकतो: "म्हणजे डॉक्टरांना मी वेडा वाटलो!" ही औषधं नसांच्या दुखण्यावर खरोखर वापरली जातात. अ‍ॅमिट्रिप्टिलिनचा दुखण्यासाठीचा डोस उदासीच्या डोसपेक्षा बराच लहान असतो. म्हणूनच उदासीही असेल तर एवढ्याने भागेल असं गृहीत धरू नका, विचारा. गॅबापेंटिन, प्रिगाबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या दुसऱ्या गोळ्यांनी गुंगी येते. काही जणांचं मन त्यावर जास्त खालावतं किंवा आत्महत्येचे विचार येतात. तसं झालं तर लगेच कळवा, पण मनाने एकदम बंद करू नका. ट्रॅमाडॉल (दुखणं कमी करणारी गोळी) आणि उदासीवरच्या गोळ्या एकत्र घेतल्याने त्रास होऊ शकतो, तेव्हा चालू असलेली प्रत्येक गोळी दाखवा.

गोळीशिवायही उपाय आहे. सीबीटी या पद्धतीत समुपदेशक विचार आणि सवयी यांवर ठरावीक बैठकांत काम करतो, आणि जुनाट दुखण्यात तिचा उपयोग होतो. मेडिक्लेम असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्च धरलेला आहे का ते मात्र तपासा.

पायरी ८: ऑपरेशन ठरलं तर

मनगटाचं ऑपरेशन छोटं असतं, बहुधा फक्त हात बधिर करून, त्याच दिवशी घरी. उदासी आहे म्हणून ते टाळायचं कारण नाही, पण सर्जनना आधी सांगा. रात्रीच्या मुंग्या बऱ्याच जणांच्या लवकर थांबतात. तळहाताच्या बुडाशी दुखणं आणि कमी झालेली पकड यांना काही महिने लागू शकतात. माझ्या पेशंटांचं मन पहिल्या दिवसांत ठीक असतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घसरतं: भेटायला येणारे थांबलेले असतात, टाके निघालेले असतात, आणि नारळ फुटत नसतो. त्या आठवड्यासाठी आधीच कोणालातरी सांगून ठेवा की रोज एक फोन कर.

मरणाचे विचार येत असतील तर

टेली-मानस, १४४१६. सरकारी सेवा, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. घरच्यांनी त्या माणसाला एकटं सोडू नये, गोळ्यांची पाकिटं आपल्या ताब्यात ठेवावीत आणि धोका जवळचा वाटला तर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्यावं. पोलिसांच्या भीतीने लपवू नका: २०१७ च्या कायद्याचं ११५ वं कलम असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरतं, आणि उलट सिद्ध झाल्याशिवाय त्याच्यावर खटला चालवता येत नाही. "असं कसं मनात आलं तुझ्या?" असं विचारू नका. "किती दिवस येतंय मनात?" असं विचारा आणि उत्तर पुरतं ऐकून घ्या.

पुढच्या ओपीडीला जाताना फायलीत हे असू द्या: हाताचा नकाशा, आठवड्यात किती रात्री जाग आली त्याची नोंद, पीएचक्यू-९ ची बेरीज, रक्ताचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि वहीच्या उजव्या बाजूला रिकामे राहिलेले प्रश्न. डॉक्टरांकडे वेळ कमी असेल, तर झोपेची नोंद सगळ्यात आधी दाखवा.